"समुद्र कुठं गेला ओ?" : केर्न्सला राहायची जागा ठरवताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्समधली आमची पहिली सकाळ. गॅलरीचं दार सरकवून बायको बाहेर गेली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, समुद्र कुठं गेला ओ?"

मी जाऊन बघितलं. समोर चिखल. लांबवर पाण्याची एक करडी रेघ, मधल्या चिखलात चोची खुपसत फिरणारे पक्षी आणि कडेला मगरीचं चित्र असलेली पिवळी पाटी. 'सी व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे मोजून घेतलेली खोली होती ती. हॉटेलवाल्यानं फसवलं असंही म्हणता येईना. भरतीला समुद्र येत होता की, ओहोटीला निघून जात होता, एवढंच.

आम्ही बेळगावची माणसं. समुद्र म्हणजे मालवण, कारवार नाहीतर गोवा. गाडीतून उतरलं की वाळू आणि वाळू संपली की पाणी. ऑस्ट्रेलियात मुलगी आहे, तिच्याकडे गेलो की चार दिवस प्रवाळ आणि जंगल बघून यायचं, एवढ्या तयारीवर पहिल्या वेळी निघालो. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा बऱ्याच गोष्टी सुधारल्या. आता टिळकवाडीत, निपाणीत, खानापुरात ज्यांची ज्यांची पोरं तिकडं आहेत ते फोन करून विचारतात, "केर्न्सला कुठं उतरायचं?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

नकाशा न बघता 'रीफजवळ' बुक करणं

ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रातली प्रवाळांची रांग, सुमारे 2300 किलोमीटर लांब आहे. बेळगावहून दिल्ली रस्त्यानं गेलात तरी एवढं अंतर भरत नाही. त्यामुळे 'रीफजवळ' म्हणणारं हॉटेल कुठंही असू शकतं. निपाणीच्या एका ओळखीच्यांनी एअर्ली बीचला चार रात्री घेतल्या आणि मला विचारलं, "डेनट्रीचं जंगल तिथनं सकाळी जाऊन संध्याकाळी येण्याजोगं आहे ना?" एअर्ली बीच केर्न्सपासून सहाशेच्या वर किलोमीटर दक्षिणेला आहे. गाव सुंदर आहे, पण डेनट्रीसाठी चुकीचं.

प्रवाळ आणि जुनं सदाहरित जंगल दोन्ही एका सहलीत हवं असेल तर पट्टा एकच धरा: केर्न्स, तिथून उत्तरेला पोर्ट डग्लस, आणि डेनट्री नदीपलीकडचं केप ट्रिब्युलेशन. रीफ 1981 साली जागतिक वारशात गेली, जंगल 1988 साली, आणि या पट्ट्यात ते दोन वारसे एकमेकांना जवळजवळ खेटून आहेत. ब्रिस्बेनला पोरगा आहे म्हणून 'तिथनं गाडीनं जाऊ' असंही कोणी ठरवू नये. ब्रिस्बेन आणि केर्न्स दोन्ही क्वीन्सलँड राज्यातच असली तरी मध्ये 1700 किलोमीटर आहेत. विमानानंच जा.

केर्न्समध्ये किनाऱ्याची खोली मागणं

केर्न्स शहराला पोहण्याजोगा किनाराच नाही. म्हणून तर पालिकेनं एस्प्लनेड या समुद्राकाठच्या रस्त्यावर खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधलाय. फुकट आहे, जीवरक्षक असतात, नातवंडं दिवसभर त्यातून बाहेर येत नाहीत. तेव्हा केर्न्समध्ये समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीला जास्त पैसे देऊ नका. बंदराला चालत जाता येईल अशी मागची खोली घ्या. रीफच्या बोटी सकाळी आठ-साडेआठला सुटतात आणि त्याआधी अर्धा तास हजेरी लावावी लागते. त्या वेळी चालत दहा मिनिटांवर असणं हीच केर्न्समधली खरी चैन.

वाळू हवीच असेल तर पाम कोव्ह किंवा ट्रिनिटी बीच बघा, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आसपास. नाहीतर पोर्ट डग्लस, तिथला फोर माइल बीच नावाप्रमाणेच लांबलचक. पण नोव्हेंबर ते मे या काळात किनाऱ्याजवळच्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात. बॉक्स जेलीफिशचा दंश जीवावर बेतू शकतो. तेव्हा जाळी लावलेल्या चौकटीतच उतरायचं, आणि ती चौकट आपल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलपेक्षा फार मोठी नसते. त्या महिन्यांत बीचसाठी म्हणून वेगळे पैसे मोजणं मला तरी पटत नाही. बोटीवर अंगभर घालायचा सूट देतात, तो निमूट घालावा. फोटोत सगळेच त्यात मजेशीर दिसतात.

एकाच खोलीत बसून दोन्ही बघायचा हट्ट

ही सगळ्यात मोठी चूक, आणि करतात जवळजवळ सगळे. चेक-इन चेक-आउटची कटकट नको म्हणून केर्न्समध्ये पाच रात्री घ्यायच्या आणि एक दिवस 'डेनट्री करून' यायचं.

केर्न्सहून केप ट्रिब्युलेशन सुमारे 140 किलोमीटर. आपल्याला वाटतं, चोर्ल्यामार्गे पणजीला जाण्याएवढंच तर आहे. हो, आणि रस्ताही तसाच. आधी समुद्राच्या कडेनं वळणं घेत पोर्ट डग्लस, पुढं मॉसमन, मग डेनट्री नदी. नदीवर पूल नाही. तारेवर ओढली जाणारी फेरी गाड्या घेऊन पलीकडे जाते. गर्दीच्या दिवसांत रांग लागते. पलीकडे घाट, अरुंद रस्ता. अडीच-तीन तास धरा, तेही कुठं न थांबता.

म्हणजे सहाला निघालेला माणूस थांबत-थांबत दहा-अकराला जंगलात पोचतो आणि तीनला परत फिरतो. दुपारी बारा ते तीन जंगलात काय दिसतं? कणकुंबीच्या पुढं भरदुपारी गाडी थांबवून, दोन फोटो काढून कोणी "चोर्ल्याचं जंगल बघितलं" म्हणाला तर आपण हसू. तिथंही तेच. जंगल जागं असतं पहाटे आणि रात्री. कॅसोवरी, म्हणजे माणसाएवढा, निळ्या मानेचा, न उडणारा पक्षी, आम्हाला दिसला तो सकाळी साडेसहाला, लॉजच्या वाटेवर, चहाचा कप हातात असताना. पहिल्या वेळी दिवसभर फिरून दिसली होती ती फक्त त्याच्या नावाची पाटी.

म्हणून माझा हिशेब असा: पाच रात्री असतील तर तीन केर्न्स किंवा पोर्ट डग्लसला, दोन फेरीच्या पलीकडे. आधी रीफ, नंतर जंगल. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो. जूनपासून ऑगस्टपर्यंत हवा कोरडी आणि छान असते, पण आग्नेयेचा वारा जोरात असतो आणि समुद्र उसळतो. बाहेरच्या रीफपर्यंत दीड तास तरी लागतोच. गोळी बोटीत बसायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. खिशात आलेपाक ठेवा आणि बोटीच्या मागच्या बाजूला बसा.

केर्न्स की पोर्ट डग्लस? लहान मुलं असतील, गाडी चालवायची नसेल, खर्च आवरता ठेवायचा असेल तर केर्न्स. दोघंच असाल, निवांतपणा हवा असेल आणि गाडी घेणार असाल तर पोर्ट डग्लस; तिथून मॉसमन गॉर्ज ही जंगलातली नदीची घळ वीस मिनिटांवर आहे आणि जंगलाकडे निम्मं अंतर आधीच कापलेलं असतं. मात्र रीफची बोट बुक करताना ती कुठल्या बंदरातून सुटते ते वाचा. पोर्ट डग्लसला राहून केर्न्सची बोट धरायची म्हणजे पहाटे पाचला उठणं आलं.

डायव्हिंग करून संध्याकाळी डोंगरावर मुक्काम

ही चूक फारशी कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबतो. नुसतं स्नॉर्केलिंग केलं तर काही अडचण नाही. पण पाठीवर टाकी लावून डायव्हिंग केलंत तर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचावर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे धरू शकतात. म्हणून डायव्हनंतर 18 ते 24 तास विमान नको, हे बहुतेकांना माहीत असतं. डोंगराचं मात्र लक्षात येत नाही.

केर्न्सच्या मागचं कुरंडा गाव सव्वातीनशे मीटरवर आहे, आणि तिथं नेणारा रोपवे वाटेत 545 मीटरच्या शिखरावरून जातो. आथर्टन पठारावरचं यंगाबरा तर साधारण आपल्या बेळगावएवढ्या उंचीवर. तिथली रात्रीची हवाही अशी की बायको म्हणाली, "शाल काढा, दिवाळीतल्या बेळगावात आल्यासारखं वाटतंय." राहायला फार गोड जागा, ओढ्यात प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा प्राणी, दिसतो, अंजिराच्या जातीचं पडद्यासारख्या मुळांचं अवाढव्य झाड जवळच आहे. पण डायव्हच्याच संध्याकाळी तिथं मुक्काम ठेवू नका. पठार आधी करा, रीफ नंतर. किंवा मध्ये एक अख्खा दिवस समुद्रसपाटीला काढा.

सुट्टी बघून तारखा ठरवणं, हवा न बघता

आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मे. एप्रिलमध्ये तिथं पावसाळ्याचं शेपूट असतं आणि जेलीफिशही. मेच्या उत्तरार्धात बरं होत जातं. खरा काळ ऑक्टोबर: कोरडी हवा, वारा उतरलेला, पाणी कोमट, जेलीफिश अजून यायचे. आणि इथं आपलं कर्नाटकात असणं कधी नव्हे ते कामाला येतं. पलीकडे कोल्हापुरात पोरं दिवाळीच्या सुट्टीची वाट बघत बसतात, आपल्या शाळांना दसऱ्यालाच मोठी सुट्टी. दसरा ऑक्टोबरात आला की तिकिटं काढा.

डिसेंबर ते मार्च गेलात तर फेरीपलीकडचं बुकिंग पैसे परत मिळतील असंच करा. डिसेंबर 2023 मध्ये जास्पर चक्रीवादळानंतर एवढा पाऊस झाला की किनाऱ्याचा हमरस्ता दरडींनी बंद पडला आणि केप ट्रिब्युलेशनकडचा घाटरस्ताही खचला.

फेरीपलीकडे शहरातल्या सोयींची अपेक्षा

नदीच्या पलीकडे विजेच्या तारा नाहीत. घरं आणि लॉज सोलर आणि जनरेटरवर चालतात. म्हणून अनेक ठिकाणी एसी नसतो, पंखा आणि जाळीची खिडकी असते. चिडण्याआधी बुकिंगच्या पानावर वाचायला हवं होतं, हे आम्हाला तिथं गेल्यावर सुचलं. मोबाइलला रेंज जवळपास नाहीच. नकाशा आधी उतरवून घ्या, पेट्रोल मॉसमनला भरून घ्या. रात्रीचं जेवण आठ-साडेआठला आटोपतं. नऊला 'काय मिळेल?' विचारलंत तर चिप्सचं पाकीट मिळेल.

शाकाहारी असाल तर दोन्ही मुक्कामी स्वयंपाकघर असलेली खोली बघा. कुकर लागतोच असं नाही, पण खिचडीपुरती शेगडी आणि पातेलं हवं. भारतातून दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, त्यामुळे लेकीसाठी कुंद्याचा डबा भरू नका. खाण्याचं जे काही न्याल ते उतरल्यावर कार्डावर लिहून जाहीर करा; लपवलेलं सापडलं तर दंड जबर असतो.

आणि पाण्याकाठची जागा कितीही सुंदर असली तरी नदीत, खाडीच्या मुखाशी पाय घालू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं राहतात. पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.

चुकीचं बुक झालंच असेल तर

पाचही रात्री केर्न्समध्ये घेतल्या असतील आणि रद्द होत नसतील तर केप ट्रिब्युलेशनचा हट्ट सोडा. त्याऐवजी कुरंडा करा: जाताना 1891 सालची डोंगररेल्वे, येताना रोपवे, साडेसात किलोमीटर जंगलाच्या माथ्यावरून. दुसऱ्या दिवशी मॉसमन गॉर्जपर्यंत जाऊन या. तिथल्या मूळ रहिवासी कुकू यलंजी समाजाची माणसं तिथं जंगल दाखवत हिंडवतात. कुठलं पान कशाला लागतं ते ऐकताना मला आमची खानापूरची आजी आठवली. पाऊस होऊन गेला असेल तर तिथल्या पाण्यात मात्र उतरू नका, ओढ जबरदस्त असते.

लांबची बोट झेपणार नाही असं वाटत असेल तर ग्रीन आयलंड किंवा फिट्झरॉय आयलंड, दोन्ही पाऊण तासावर. प्रवाळ बाहेरच्या रीफइतकं भरगच्च नाही, पण आजी-आजोबा काठावर सावलीत बसू शकतात.

शेवटची अडचण आमची स्वतःची. एका लहानशा मोटेलवर संध्याकाळी सातला पोचलो तर ऑफिसला कुलूप. तिकडं हे नेहमीचं असतं; किल्ली दाराशेजारच्या पेटीत ठेवतात आणि पेटीचा कोड मेसेजनं पाठवतात. कोड आला होता माझ्या बेळगावच्या नंबरवर, आणि ते सिम मुलीच्या घरी ड्रॉवरमध्ये. पाऊण तास पायरीवर बसलो, मग शेजारच्या खोलीतल्या एका गृहस्थांनी मालकाला फोन लावून दिला. बुकिंग करताना तिथला चालू नंबर द्या, पोचायची वेळ आधी कळवा, आणि कोड आला की कागदावर उतरवून पाकिटात ठेवा.