मारवेल गवत ओळखायला माळावर जाण्याआधी

घटस्थापना ते दिवाळी एवढाच काळ धरा. त्याआधी तुरे पुरते उमललेले नसतात आणि दिवाळीनंतर दाणा झडतो, शेंडे गुरं ओरबाडतात. नुसत्या पात्यावरून गवत ओळखायला गेलं की हमखास फसगत होते.

पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी, खुरपं, जुनी वर्तमानपत्रं, वही आणि पेन्सिल ठेवा. पेन नको, सकाळच्या दवानं शाई फुटते. पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच. कुसळी गवताची कुसळं पायमोज्यात घुसली की दिवसभर टोचतात, आणि बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या मुरमात फुरसं, घोणस हे विषारी साप असतात. हातात काठी ठेवा, ठोंबात हात घालण्याआधी ती आपटा. गायरान असेल तर गावात सांगून जा, वनविभागाच्या कुरणासाठी परवानगी काढा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या नायगाव मयूर अभयारण्यात गेलात तर फक्त फोटो, काडीही उपटायची नाही.

आता खरं काम. गवताला हात लावण्याआधी ते कुठं उभं आहे ते लिहा. मी सुरुवातीला हे केलं नाही. घरी आणलेल्या जुडीतलं कुठलं बांधावरचं आणि कुठलं बरडावरचं, हे मलाच सांगता येईना, आणि सगळी जुडी वाया गेली. मारवेल काळ्या जमिनीच्या बांधावर, ओढ्याकाठी, पाणी थोडं मुरतं अशा सखल जागी जोमानं वाढतं. उथळ मुरमाच्या उतारावर शेडा नावाचं गवत दिसेल. फार चराई झालेल्या किंवा वणवा फिरलेल्या माळावर कुसळीच जास्त.

मग एक काडी घेऊन पेराच्या गाठी बघा. मारवेलच्या गाठीभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलेटम, त्यातल्या ॲन्युलेटमचा अर्थच कडं असलेलं. शेंड्याला बोटांसारखे दोन ते नऊ तुरे, बरेचदा जांभळट झाक असलेले. शेड्याला आणि कुसळीला काडीच्या टोकाला एकेकच तुरा असतो. कुसळीची काळपट कुसळं एकमेकांत गुंतून वेणी घालतात. त्यातलं एक ओल्या तळहातावर ठेवून बघा, ते आपोआप पीळ सोडत फिरू लागतं. मातीत बी असंच रुततं.

गोंधळ होतो तो बोथ्रिओक्लोआ पर्टूसा या दुसऱ्या गवताशी. त्याच्याही गाठी केसाळ, तुरेही बोटांसारखे. इथं भिंग काढायचंच. तुऱ्यावर बारीक कणसुली (फुलांचे छोटे झुबके) असतात, त्यातल्या देठ नसलेल्या कणसुल्याच्या खालच्या तुसावर (बाहेरच्या सालीवर) टाचणीनं टोचल्यासारखा खड्डा दिसला तर ते मारवेल नव्हे. घाईत ही एक पायरी गाळू नका, मी पाहिलेल्या चुका बहुतेक इथंच झालेल्या.

नमुना घेताना मुळासकट एकच ठोंब घ्या, आणि आसपास तसे बरेच असतील तरच. खड्डा मातीनं बुजवा. कागदात घडी घालून त्याच जागी कागदावर गाव, तारीख, मातीचा रंग, उतार आणि शेजारी काय उगवलंय ते लिहा. कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते.

निघण्याआधी तिथं देवणी किंवा लाल कंधारी जातीची गुरं चारणारं कोणी असेल तर जवळ जा. "बाबा, ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात? जनावर कधी आवडीनं खातंय?" असं विचारा, आणि ते म्हणतील तसंच, त्यांच्याच उच्चारात, वहीत उतरवा.