दुधातील प्रथिन आणि स्निग्धांश कसे ओळखावेत

साय काढलेले 100 मिली दूध कोमट करून ढवळत राहावे आणि त्यात व्हिनेगर थेंबाथेंबाने घालावे. सामू (आम्लता दर्शवणारा pH) 4.6 च्या आसपास उतरला, की केसीन या दुधातील मुख्य प्रथिनावरील धन व ऋण प्रभार समसमान होतात, कणांमधील अपकर्षण संपते आणि दूध फाटून पांढरा चोथा हिरवट निवळीपासून अलग होतो. येथे घाई मुळीच करू नये, कारण आम्ल फार जास्त झाल्यास केसीन पुन्हा विरघळू लागते.

हातमोजे घालून चिमूटभर चोथा सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणात विरघळवावा व मोरचुदाच्या विरल द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. उमटणारा जांभळा रंग पेप्टाइड बंधांची, म्हणजे प्रथिनातील अमिनो आम्लांना जोडणाऱ्या बंधांची, खूण असते.

स्निग्धांशासाठी बाजूला ठेवलेली साय कागदावर चोळावी. पाणी वाळते, पण तेलकट, अर्धपारदर्शक डाग राहतो.