कोठडीतल्या मृत्यूची केस आली आणि आरोपी पोलीस असेल तर काय करायचं

परवा किल्ला कोर्टाबाहेर टपरीवर एका ज्युनियरने विचारलं, मॅडम, कस्टडी डेथची केस आलीय, आरोपी हवालदार, घरचे म्हणतायत हात लावू नकोस, काय करू? घे म्हटलं. बार कौन्सिलचा नियमच आहे, आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल आपलं मत काहीही असो, बचाव करायचाच. बारने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, ही केस कोणी घेऊ नये असा ठराव केला तरी घाबरायचं नाही, 2010 मध्ये मोहम्मद रफी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने असले ठराव बेकायदा ठरवलेत.

वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधी जुन्या फायली बघा, मयताच्या घरच्यांचं किंवा एखाद्या साक्षीदाराचं काम आपल्याकडे आहे का. कसाबला 2009 मध्ये कोर्टाने दिलेल्या पहिल्या वकिलांची नेमणूक याच कारणाने रद्द झाली होती, हल्ल्यातल्याच एका साक्षीदाराचं कामही त्यांच्याकडे होतं. फी आधी ठरवा, निकालावर अवलंबून फी घेता येत नाही.

पहिल्या मीटिंगमध्ये अशिलाला बोलू द्या, मध्ये तोडू नका. त्याने केलं म्हणून कबूल केलं तरी ते आपल्यापाशीच राहतं, नव्या साक्ष कायद्यात ते कलम 132 आहे, जुन्यात 126 होतं. पण माझ्यासमोर एकाने स्टेशन डायरीची झेरॉक्स ठेवून विचारलं होतं की अटकेची वेळ दोन तास पुढे सरकवता येईल का, तेव्हा मी कागद परत त्याच्याकडे सरकवला आणि सांगितलं, झालेलं सांग, ते पोटात राहील, पण हे करणार असशील तर दुसरा वकील बघ. पुढे करायच्या गुन्ह्याला ते कलम झाकत नाही.

उलटतपासणीत सगळा जोर डॉक्टरवर लावा, जखमा किती तासांपूर्वीच्या, अटकेआधीच्या असू शकतात का, मेडिकल कधी झालं, लॉकअपच्या रजिस्टरशी जुळतं का, इथे अजिबात ढिलाई नको कारण आपल्या अशिलाची जन्मठेप यावर ठरते. मयताच्या आईला मात्र तिने काय बघितलं तेवढंच विचारा. मी एकदा एका बाईला तिच्या मुलाच्या जुन्या केसेस विचारत बसले, केसला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि ती पूर्ण वेळ पिंजऱ्यात मुलाच्या चपलांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती, ते मला अजून सलतं.

टीव्हीवाल्यांशी मयताबद्दल एक शब्द बोलू नका.

आणि जमणार नसेल तर पहिल्या भेटीतच नाही म्हणा, कारण एकदा केस घेतली की सबळ कारण आणि पुरेशी नोटीस दिल्याशिवाय सोडता येत नाही, आणि सोडलीच तर न केलेल्या कामाची फी परत द्यावी लागते.