आत्या दाता ठरली, आता तपासणीची तयारी

स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, देण्यासाठी दात्याचा आणि रुग्णाचा एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळावा लागतो. भावंडांत तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे तो जुळला की घर हरखून जातं. पण दाता साठीपुढचा असेल तर हरखणं जरा आवरतं घ्या. आमच्या बाबांना स्टेम सेल देणारी आत्या 64 वर्षांची. तिच्या वेळी जे उशिरा सुचलं ते इथे लिहिते.

रोजच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या, आठवून नावं सांगायला जाऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी आत्या 'एवढीशी तर आहे' म्हणून सांगणारच नव्हती. गुडघ्यांचं औषध, काढे, चूर्णं हेही पिशवीत टाका. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. जुनी अँजिओप्लास्टी, कावीळ, क्षय, संधिवात, कर्करोग यांचे कागद असतील ते काढून ठेवा.

रक्ताच्या तपासण्यांत हिपॅटायटिस, एचआयव्ही असतातच. त्यावरून रुसू नका. दानाच्या आधी साधारण महिनाभराच्या आतले रिपोर्ट लागतात, म्हणून घाईने बाहेरून करून घेतलेले बहुधा वाया जातात. ईसीजी, एक्स-रे होतो, वय पाहून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) किंवा प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रथिनांची तपासणी) हेही सांगतात. दात्याच्या मज्जेत लपलेला आजार पेशींबरोबर रुग्णात जाऊ शकतो, आणि वयाबरोबर तो धोका वाढतो. एक्स-रेला मंगळसूत्र काढावं लागतं, हे घरीच सांगून ठेवा. आमची दहा मिनिटं त्यातच गेली.

दंडाच्या शिरा आधीच दाखवून घ्या. मज्जेतल्या स्टेम सेल रक्तात याव्यात म्हणून चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग रक्तातून त्या वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर चार-पाच तास बसायचं. शिरा बारीक असतील तर मानेत किंवा जांघेत नळी घालतात. ते ऐनवेळी कळू नये. इंजेक्शनांनी हाडं ठणकतात, प्लीहाही सुजते, म्हणून पोटाच्या डाव्या बाजूला दुखलं तर लगेच कळवायचं.

दात्याला तपासणारा डॉक्टर रुग्णाचा नसावा, आणि दात्याने निदान पाच मिनिटं त्याच्याशी एकट्याने बोलावं. नको म्हणायचं असेल तर ते याच वेळी. रुग्णाची मज्जा रिकामी करणारी जोरदार केमो सुरू झाल्यावर माघार घेतली तर त्याच्या जिवावर बेततं. आत्याने मला चहा आणायला पाठवलं. परत आले तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर 'जिना चढताना धडधड, दोन वर्षं' असं लिहिलेलं होतं. इकोची तारीख घेऊनच आम्ही निघालो.