चेहऱ्याला तेल लावायचं तर ओल्या चेहऱ्यावरच
आमच्या मालवणात बारा महिने दमट हवा, मग चेहऱ्याला तेल कशाला असं मलापण वाटायचं, पण समुद्राचं खारं पाणी, ऊन आणि दिवसातनं चारदा फेसवॉश, त्यात डिसेंबरात पहाटेचा मतलई वारा (जमिनीवरनं समुद्राकडे जाणारा) सुटला की गाल असे ताणायचे की हसायलाही नको वाटायचं.

तर फेस ऑइल सीरम घेतलंत तर कोरड्या कातडीवर चोळू नका. तेलात पाणी नसतं, ते फक्त आतलं पाणी उडून जाऊ देत नाही, म्हणून तोंड धुतल्यावर टॉवेलने नुसतं टिपायचं, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर आणि त्यावर दोन-तीन थेंब तळहातावर पसरून हलके दाबायचे, बस. मी सुरुवातीला अर्धा ड्रॉपर ओतायचे, सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग आणि कपाळावर पुळ्या!

तेल कुठलं हे पण बघा. लिनोलेइक अॅसिड (तेलातलाच एक घटक) जास्त असलेलं, म्हणजे करडई नाहीतर सूर्यफुलाचं (बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं नको, त्यात लिनोलेइक कमी असतं), किंवा मग स्क्वालेन नावाचं तेल, हलकं असतं. खोबरेल केसांना झकास, पण तोंडावर बऱ्याच जणांची रोमछिद्रं बुजवतं, आजी रागावली तरी चालेल. मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) टाचांच्या भेगांनाच ठेवा.

नवीन बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघायची. आणि तेल लावलं म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही हां, किनाऱ्यावर तर नाहीच.