ईमेलमधले चित्र: मला अडकवणारा बेस६४

पणजीत नव्याने काम करू लागलो तेव्हा एका ग्राहकासाठी चवथीचे (गणेश चतुर्थीचे) शुभेच्छापत्र ईमेलने पाठवायचे होते. इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची आरास, रेखाटली: नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड. जीमेल मजकुरातले एसव्हीजी (रेषा-आकारांच्या रूपातले चित्र) दाखवत नाही, हे ठाऊक असल्याने तिचे पीएनजी (पिक्सेलांचे चित्र) केले, त्याचे बेस६४ केले, म्हणजे फाइलचे बाइट साध्या अक्षरांत लिहिले, आणि ती लांबलचक अक्षरमाळ थेट चित्राच्या 'एसआरसी'मध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये चित्राचा पत्ता लिहितात तिथे, 'डेटा:' लावून घातली. ब्राउझरमध्ये आणि ॲपलच्या मेलमध्ये सारे नीट दिसले, म्हणून पाठवून दिले. जीमेल वापरणाऱ्यांना मात्र माटोळीच्या जागी रिकामी चौकट दिसली. चवथ वर्षातून एकदाच येते. ती चूक दुरुस्त करायला मला दुसरी संधी नव्हती.

नवोदितांनी हे नीट समजून घ्यावे. 'एसआरसी'मध्ये असे 'डेटा:' ने सुरू होणारे चित्र जीमेल दाखवत नाही आणि विंडोजवरचे जुने आउटलुकही दाखवत नाही. शिवाय बेस६४ मध्ये तीन बाइटांची चार अक्षरे होत असल्याने आकार सुमारे 33 टक्क्यांनी वाढतो, आणि एचटीएमएल 102 केबीच्या पुढे गेले की जीमेल पत्र मध्येच कापते. चित्र सोबत पाठवायचेच असेल, तर ते 'मल्टिपार्ट/रिलेटेड' (एकमेकांशी जोडलेल्या भागांच्या) ईमेल-रचनेत स्वतंत्र भाग म्हणून जोडावे, त्याला कंटेंट-आयडी, म्हणजे त्या भागाची ओळख, द्यावा आणि 'एसआरसी'मध्ये 'सीआयडी:' लिहून तोच आयडी द्यावा. बेस६४ तिथेही असतो, पण तो एचटीएमएलच्या पोटात नसून जोडलेल्या भागात असतो. सगळा फरक एवढाच आहे. त्या भागाच्या हेडरमध्ये हा आयडी कोनी कंसांत (< >) असतो, 'एसआरसी'मध्ये कंस नसतात. याच कंसांपायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. घाबरू नका, पायथनच्या 'ईमेल' मॉड्यूलमध्ये 'ॲड_रिलेटेड' वापरल्यास बेस६४ चे काम ते स्वतःच करते.

एसव्हीजीचे पीएनजी करायला ग्राहकाचे बोधचिन्ह कुठल्याही फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नये, असे माझे ठाम मत आहे. पीएनजी करण्याआधी चित्रातली अक्षरे पाथमध्ये, म्हणजे रेखाटलेल्या आकारांत, बदलावीत, नाहीतर फाँट नसलेल्या सर्व्हरवर पीएनजी केल्यास देवनागरीची जोडाक्षरे मोडतात. 600 पिक्सेल रुंदीच्या जागेसाठी 1200 चे पीएनजी काढून 'विड्थ' 600 लिहावी.

मार्गदर्शक निवडताना, "कोणकोणत्या इनबॉक्समध्ये उघडून पाहिलेस?" असे विचारणारा निवडा. मला तो उशिरा भेटला. आता मी प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर देतो, म्हणजे चित्रे बंद ठेवणाऱ्यालाही निदान 'चवथीच्या शुभेच्छा' एवढे तरी वाचता येते.