फ्राइड राइसचा लगदा होतोय? या चुका टाळा

घरी फ्राइड राइस करायचा म्हटलं की लोक आधी सॉसच्या बाटल्या आणतात. व्हिडिओ बघून होतो, भाज्या चिरून होतात आणि भात मात्र ऐनवेळी कुकरमधून थेट कढईत पडतो. इथेच सगळं बिनसतं. फोडणीचा भात करायला कुणी मुद्दाम ताजा भात लावत नाही, कालचाच घेतो. मग सोया सॉसची बाटली दिसली की हे शहाणपण जातं कुठे?

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी कोजागिरीला हा घाट घातला होता. तांदूळ कुठला, तर इंद्रायणी, का तर वास छान येतो. शिट्ट्या झाल्या, वाफाळता भात मोठ्या पातेल्यात, वर कोबी, गाजर आणि सॉस एकदमच. "अरे, पसरून गार तरी करा," म्हटलं, तर उत्तर आलं, "काकू, हाय फ्लेमवर होतं सगळं!" पाच मिनिटांत झाऱ्याला गोळे चिकटायला लागले. ते सुटे करायला एकाने झारा असा काही फिरवला की उरलीसुरली शितंही मोडली. शेवटी काळपट खिचडी ताटात आली आणि लोकांनी मसाला दुधावर भागवलं.

इंद्रायणी मुळातच चिकट. आमटीबरोबर त्याला तोड नाही, पण इथे कोलम किंवा जुना बासमती घ्या. फ्रिजमध्ये गार झालेल्या भातातलं स्टार्च घट्ट होतं, शीत वरून कोरडं पडतं, म्हणून परतताना मोडत नाही. मी पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घालते, भात परातीत पसरते आणि वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवते. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र वापरू नका. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू त्यात वाढतो आणि त्याचं एक विष परतल्यानेही जात नाही. भात शिजल्यावर 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. फारच घाई असेल तर ताजा भात परातीत पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. तेवढाही धीर नसेल तर सरळ मसालेभात लावा, तो निदान चांगला होईल.

दुसरी चूक, कढई गच्च भरणं. गाडीवरच्या भट्टीची आच आपल्या शेगडीला नाही. चौघांचा भात एकदम घातला की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि मग परतणं संपून वाफवणं सुरू होतं. चर्रर्र आवाज बंद झाला की समजा, जास्त झालं. मी एका वेळी दोन वाट्या भात घेते, बाकीच्यांनी दुसऱ्या घाण्याची वाट बघायची. आधी फरसबी-गाजर, मग सिमला मिरची, कोबी सगळ्यात शेवटी. भाज्या काढून ठेवायच्या, त्याच कढईत अंडं फोडायचं, मग भात.

आलं-लसूण पेस्ट नको, ती तळाला लागते आणि करपते. बारीक चिरा.

सोया सॉस खारट असतो. चव न घेता वर मीठ घालणाऱ्यांना काय सांगावं!

घाण्याचं तिळाचं तेल वेगळं आणि चिनी पद्धतीचं भाजक्या तिळांचं तेल वेगळं. दुसरं फोडणीला नाही, गॅस बंद केल्यावर अर्धा चमचा.

नॉनस्टिक पॅन रिकामा धुरापर्यंत तापवू नका, 260 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो. मोठ्या आचेला लोखंडी कढई किंवा बिडाचा तवाच हवा.

पातीचा कांदा दोनदा लागतो, पांढरा भाग लसणीबरोबर, हिरवी पात वाढताना.

आणि बिघडलेल्या भातावर अर्धी बाटली शेजवान चटणी ओतून "आता बघा, काही वाटतंय का?" असं विचारणाऱ्यांनो, वाटतंय. चटणी छान आहे.